दिलेला शब्द न मोडता

समजा, एका परीक्षा मंडळाने आपल्या संलग्न शाळांसाठी एक नियमावली केली आहे. मंडळाची मान्यता हवी असेल तर शाळेने तीन कामे केलीच पाहिजेत : हजेरी ठेवणे, परीक्षा घेणे आणि निकाल लावणे. ही कामे कशी करायची ते प्रत्येक शाळेने आपापल्या सोयीने ठरवायचे. शेकडो शाळांनी हे मान्य केले. वर्षे लोटली. आता मंडळाला वाटू लागले, की प्रत्येक शाळेने ग्रंथालयही चालवावे. नियमावलीत तसे चौथे कलम घातले तर काय होईल? सगळ्या जुन्या शाळा, त्यांची काहीही चूक नसताना, एका दिवसात अमान्य ठरतील. आणि कलम घातलेच नाही, तर नियमावली कायमची गोठून राहील.

यातून एक वाट निघते. मंडळाने चौथे कलम घालावे, पण त्यासोबत अशी तरतूदही करावी : ज्या शाळेची स्वतःची व्यवस्था नसेल, तिला मंडळाची अमुक व्यवस्था लागू समजावी. जुन्या शाळांची मान्यता टिकते, नव्या शाळांना स्वतःचे ग्रंथालय उभारण्याची मुभा राहते आणि नियमावलीही पुढे सरकते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच उभा राहिला होता. जावा या संगणकभाषेची आठवी आवृत्ती १८ मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा तो वर सांगितलेल्या वाटेनेच सोडवण्यात आला. या तरतुदीला ‘डिफॉल्ट मेथड’ म्हणतात. तिच्याच जोडीने ‘फंक्शनल इंटरफेस’ ही दुसरी कल्पनाही भाषेत आली. दिसायला हे बदल लहान आहेत, पण त्यांची मुळे १९३० च्या दशकापर्यंत जातात. तो प्रवास आपण या लेखात पाहू.

ऑस्लोचा टोलनाका

१९६० च्या दशकात ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोन शास्त्रज्ञ एका वेगळ्याच कामात गुंतले होते. बंदरातील जहाजे, कारखान्यातील यंत्रे, टोलनाक्यापुढे थांबलेली वाहने अशा व्यवस्थांची लुटुपुटुची प्रतिकृती त्यांना संगणकावर चालवून पाहायची होती. रांगेतल्या ट्रकला आणि बसला काही गुण समान असतात. दोन्ही रांगेत उभ्या राहतात, दोन्ही टोल भरतात. पण ट्रकमध्ये माल असतो आणि बसमध्ये प्रवासी. मग समान भाग ‘वाहन’ या नावाखाली एकदाच लिहावा आणि ट्रक व बस यांनी तो वारसाहक्काने घ्यावा, असे त्यांना सुचले. त्यातून ‘सिम्युला ६७’ ही भाषा जन्मली. ‘क्लास’ म्हणजे वस्तूंचा प्रकार, ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्या प्रकारातली एकेक वस्तू आणि ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारसा, या तिन्ही कल्पना या भाषेत एकत्र आल्या. आज ज्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे वस्तुकेंद्री आज्ञालेखन म्हणतात, त्याचा हा पाया होय. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

या वारशात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. बस ही वाहनाची वारस आहे असे म्हटले, की तिने टोल भरलाच पाहिजे, हे एक बंधन तिच्यावर येते. हा झाला ‘काय करायचे’ याचा वारसा. शिवाय टोल भरण्याची लिहून ठेवलेली कृतीही (अशा कृतीला ‘मेथड’ म्हणतात) तिला आयती मिळते. हा झाला ‘कसे करायचे’ याचा वारसा. पुढचा सारा इतिहास हे दोन वारसे कधी वेगळे करायचे आणि कधी एकत्र आणायचे, याचाच आहे.

दोन आईबापांची अडचण

एका क्लासने दोन क्लासांकडून वारसा घेतला तर? बेल प्रयोगशाळेत ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी घडवलेल्या सी++ भाषेच्या १९८९ मधील आवृत्ती २.० मध्ये ही सोय आली आणि तिच्याबरोबर एक जुना प्रश्नही आला. ‘व्यक्ती’ हा एक क्लास धरा. त्याचे दोन वारस, ‘विद्यार्थी’ आणि ‘शिक्षक’. आता पीएच.डी. करता करता शिकवणाऱ्या तरुणाचा क्लास या दोघांकडून वारसा घेतो. मग त्याच्याजवळ ‘व्यक्ती’कडून आलेला पत्ता एक असेल की दोन? आणि ‘ओळखपत्र छापा’ अशी आज्ञा दिली तर विद्यार्थ्याचे छापायचे की शिक्षकाचे? या चौघांचे नाते कागदावर काढले तर पतंगासारखी चौकोनी आकृती होते. म्हणून याला ‘डायमंड’ प्रश्न म्हणतात. सी++ मध्ये त्यावर उपाय आहेत, पण ते निगुतीने वापरावे लागतात.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या सुमारास ‘फ्लेवर्स’ नावाच्या प्रणालीत वेगळी वाट काढली गेली. जवळच्या समरव्हिल गावात एका दुकानात साध्या आइस्क्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या पसंतीचे पदार्थ मिसळून देत. त्यावरून मुख्य क्लासमध्ये मिसळण्याच्या लहान तुकड्यांना ‘मिक्सिन’ हे नाव पडले. २००३ मध्ये बर्न विद्यापीठातील नॅथनाएल शेर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रेट’ ही कल्पना मांडली. दोन तुकड्यांत भांडण झाले तर भाषेने गुपचूप एकाची निवड करू नये, जोडणाऱ्यानेच निर्णय स्पष्ट लिहावा, हा तिच्यातला एक महत्त्वाचा नियम होता. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

जावाचे कडक शर्तपत्रक

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून घडवलेली जावा भाषा मे १९९५ मध्ये जगापुढे आली. त्यांनी डायमंड प्रश्न मुळातूनच टाळला. प्रत्येक क्लासला जनक क्लास एकच. पण त्याने ‘इंटरफेस’ मात्र हवे तितके पाळावेत. इंटरफेस म्हणजे निव्वळ शर्तपत्रक. त्यात कोणत्या मेथड हव्यात त्यांची नावे असत, पण त्या कशा चालतील याची एकही ओळ नसे. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेतील ‘प्रोटोकॉल’वरून ही कल्पना घेतली होती. दोन शर्तपत्रकांत एकच मागणी आली, तरी ती एकदा पूर्ण केली की दोन्हींची पूर्तता होते. भांडायला काही उरतच नाही. ‘काय’ आणि ‘कसे’ यांची अशी पक्की फारकत झाली.

डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ मध्ये या शर्तपत्रकांचा एक संच आला. जोशुआ ब्लॉक यांनी त्याची आखणी केली होती. वस्तूंचा समूह म्हणजे ‘कलेक्शन’, क्रमवार यादी म्हणजे ‘लिस्ट’, पुनरावृत्ती नसलेला संच म्हणजे ‘सेट’, अशी ती पत्रके होती. जगभरच्या लोकांनी ती पाळून आपापल्या याद्या आणि संच लिहिले. बँकांत, विमान कंपन्यांत, सरकारी कार्यालयांत त्यांवर उभ्या असलेल्या आज्ञावली चालू लागल्या. त्या कुणी लिहिल्या आणि किती आहेत, हे खुद्द सन कंपनीलाही कळण्याची सोय नव्हती.

एकाच प्रश्नाचे शर्तपत्रक

त्याच आवृत्तीत ‘कंपॅरेटर’ नावाचा एक इंटरफेस होता. त्याचा मुख्य प्रश्न एकच : या दोन वस्तूंपैकी आधी कोण? वर्गातील मुलांची यादी लावायची असेल तर ती हजेरी क्रमांकाने लावायची की गुणांनी, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. यादी लावण्याची रीत तीच राहते, फक्त उत्तर देणारा बदलतो.

हे उत्तर म्हणजे खरे तर गणितातले एक फलन, म्हणजेच फंक्शन आहे. दोन वस्तू द्या, एक निर्णय घ्या. पण जावामध्ये नुसते फलन कुणाच्या हाती देता येत नसे. जे काही द्यायचे ते ऑब्जेक्टच्या वेष्टनातून द्यावे लागे. १९९७ च्या जावा १.१ पासून बिननावाचे क्लास जागच्या जागी लिहिता येऊ लागले. तरीही एका ओळीच्या उत्तरासाठी चार-पाच ओळींचे वेष्टन लागेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार होता.

वास्तविक नुसते फलन हाताळण्याची विद्या फार जुनी आहे. प्रिन्स्टनचे तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात फलनांचे एक गणित रचले. त्यात फलनाला नाव देण्याची गरज नसे. लॅम्डा हे ग्रीक अक्षर लिहून पुढे काय घ्यायचे आणि काय द्यायचे, एवढेच मांडायचे. एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेचे काम सुरू केले, तेव्हा हे चिन्ह त्यांनी तिथून घेतले. पुढे १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी ‘स्कीम’ ही भाषा केली आणि लॅम्डाचे सामर्थ्य नीट उलगडून दाखवले. हेच गाय स्टील १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेच्या अधिकृत वर्णनाचे, गॉसलिंग आणि बिल जॉय यांच्यासह, सहलेखक होते. म्हणजे लॅम्डा जाणणारी माणसे जावाच्या घरातच होती. तरी लॅम्डाला त्या घरात यायला आणखी अठरा वर्षे लागली.

उष्णतेने आणलेली निकड

निकड आली ती भौतिकशास्त्राकडून. संगणकाच्या प्रोसेसरची गती वर्षानुवर्षे वाढत होती. जुनीच आज्ञावली नव्या यंत्रावर आपोआप वेगाने पळे. पण गती वाढवताना चिपमध्ये निर्माण होणारी उष्णताही वाढत गेली. २००४ च्या सुमारास व्यक्तिगत संगणकांची गती सुमारे ३.८ गिगाहर्ट्झपाशी येऊन अडखळली. त्याच वर्षी इंटेलने आपला आगामी अधिक वेगवान प्रोसेसर रद्द केला. २००५ पासून एका चिपवर दोन, मग चार, मग आठ गाभे बसवण्याची पद्धत रूढ झाली.

आता वेग हवा असेल तर काम वाटून दिले पाहिजे. इथे जुनी लेखनपद्धती आड आली. समजा, एका शिक्षिकेने मदतनिसाला सांगितले : पहिली उत्तरपत्रिका उचल, गुण मिळव, मग दुसरी उचल. हे काम चौघांत वाटता येत नाही, कारण आज्ञेतच क्रम बांधलेला आहे. त्याऐवजी तिने गठ्ठा दिला आणि सांगितले, ‘यातल्या सगळ्या गुणांची बेरीज आणा,’ तर गठ्ठा घेणारा तो हवा तसा वाटू शकतो. आज्ञावलीतही तसेच करायचे होते. फिरत राहण्याचे काम कलेक्शनवर सोपवायचे आणि प्रत्येक वस्तूचे काय करायचे, तेवढे फलन त्याच्या हाती द्यायचे. याला दोन गोष्टी हव्या होत्या : फलन सुटसुटीत लिहिण्याची सोय आणि असे फलन स्वीकारणाऱ्या नव्या मेथड, त्याही १९९८ च्या त्या जुन्या शर्तपत्रकांत.

मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेत लॅम्डा २००७ मध्येच आले होते. जावात मात्र २००६ पासून निरनिराळे प्रस्ताव येत होते आणि वाद चालू होता. २०१० च्या आरंभी सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. ब्रायन गोट्झ यांच्या नेतृत्वाखाली ‘लॅम्डा प्रकल्पा’ने हा प्रश्न अखेर तडीस नेला.

जुन्या कुलपांना नवी किल्ली

पहिला प्रश्न असा, की भाषेत फलनांसाठी एखादा नवा प्रकार आणावा काय? तसे केले असते तर कंपॅरेटरसारखी जुनी शर्तपत्रके एकीकडे आणि नवी फलने दुसरीकडे, असे दोन तट पडले असते. मंडळींनी वेगळा विचार केला. ज्या इंटरफेसमध्ये न लिहिलेली, म्हणजे पाळणाऱ्यावर सोपवलेली मेथड एकच आहे, तो इंटरफेस म्हणजे फलनच की! त्याला त्यांनी ‘फंक्शनल इंटरफेस’ म्हटले आणि जिथे तो अपेक्षित असेल तिथे लॅम्डाची एक ओळ चालेल असा नियम केला. परिणाम असा झाला, की १९९६ पासून असलेल्या ‘रनेबल’ला किंवा १९९८ च्या कंपॅरेटरला, त्यांच्यातले एक अक्षरही न बदलता, २०१४ ची लॅम्डा देता येऊ लागली. जुन्या कुलपांना नवी किल्ली बसली.

दुसरा प्रश्न अवघड होता. जुन्या शर्तपत्रकात नवी मागणी घालायची कशी? ती सरळ घातली असती तर जगभरच्या ज्या ज्या क्लासांनी ते पत्रक पाळले होते, ते सगळे अपुरे ठरले असते. कंपायलर, म्हणजे आज्ञावली तपासून संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, त्यांना नाकारू लागला असता. आधीच रूपांतरित केलेल्या आज्ञावली चालल्या असत्या, पण नव्या मेथडची हाक येताच कोसळल्या असत्या.

याला पर्याय होते. कलेक्शनचा नवा संच सुरू करून जुना वाऱ्यावर सोडता आला असता. बाहेर वेगळी मदतनीस फलने ठेवता आली असती. सी शार्पने २००७ मध्ये ‘एक्स्टेन्शन मेथड’ आणून साधारण हाच दुसरा मार्ग घेतला होता. त्यात एक उणीव आहे. बाहेरच्या मदतनिसाला समोरच्या वस्तूची आतली रचना ठाऊक नसते आणि त्या वस्तूलाही ‘माझ्याकडे याहून चांगली रीत आहे’ असे सांगता येत नाही.

जावाने तिसरा मार्ग निवडला. इंटरफेसमध्येच मेथड लिहायची, पण तिच्यावर ‘डिफॉल्ट’ असा शिक्का मारायचा. क्लासकडे स्वतःची रीत असेल तर ती चालेल, नसेल तर ही. आरंभीच्या मसुद्यांत तिला ‘डिफेन्डर मेथड’, म्हणजे बचावकर्ती, असे नाव होते. यादी लावण्याचे उदाहरण पाहा. ‘लिस्ट’मध्ये ‘सॉर्ट’ ही मेथड डिफॉल्ट म्हणून आली. यादीतल्या वस्तू एका रांगेत उतरवून घ्याव्यात, ती रांग लावावी आणि वस्तू परत यादीत भराव्यात, ही तिची सर्वसाधारण रीत. कुठल्याही यादीला ती लागू पडते. पण ‘ॲरेलिस्ट’ या क्लासच्या पोटात वस्तू मुळातच रांगेत असतात. म्हणून त्याने स्वतःची रीत दिली. उतरवणे-भरणे टाळून तो जागच्या जागी क्रम लावतो.

दोन्ही कल्पना एकमेकींना कशा सावरतात, हेही पाहण्याजोगे आहे. क्रम उलटा करणे, गुण सारखे असतील तर नावाने ठरवणे, अशा अनेक सोयी २०१४ मध्ये कंपॅरेटरमध्ये आल्या. त्या डिफॉल्ट म्हणून आल्या, त्यामुळे पाळणाऱ्यावर सोपवलेली मेथड एकच राहिली आणि कंपॅरेटर फंक्शनल इंटरफेसच राहिला. डिफॉल्टची सोय नसती तर त्यात दुसरी मेथड घालताच लॅम्डा देण्याची सोय गेली असती.

भांडणाचा निवाडा

‘कसे’ पुन्हा इंटरफेसमध्ये आले, म्हणजे डायमंड प्रश्नही आला. जावाने त्यासाठी तीन नियम केले. क्लासमध्ये लिहिलेली रीत इंटरफेसच्या डिफॉल्टवर नेहमी मात करते. दोन इंटरफेसपैकी एक दुसऱ्याचा वारस असेल तर वारसाचे म्हणणे चालते. दोघे परस्परांशी संबंधित नसतील तर कंपायलर निवड करत नाही. तो आज्ञावली अडवतो आणि लिहिणाऱ्याला निर्णय द्यायला लावतो. हा तिसरा नियम म्हणजे ‘ट्रेट’वाल्यांचेच तत्त्व. शिवाय इंटरफेसमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी माहिती साठवता येत नाही. त्यामुळे पत्ता एक की दोन, हा प्रश्नच उद्भवत नाही. कृतीबद्दलचे भांडण होऊ शकते, मालमत्तेचे नाही.

तरीही हा उपाय निर्दोष नाही. शर्तपत्रकात कृती लिहिल्याने त्याचा निर्मळपणा गेला, हा आक्षेप योग्यच आहे. आणि जुन्या आज्ञावली कधीच मोडणार नाहीत, अशी हमी डिफॉल्ट देऊ शकत नाही. सप्टेंबर २०२३ मधील जावा २१ चे उदाहरण बोलके आहे. त्या आवृत्तीत क्रमवार समूह उलट्या क्रमाने पाहण्यासाठी ‘रिव्हर्स्ड’ ही मेथड आली. ‘लिस्ट’मध्ये ती लिस्ट परत देते आणि दोन्ही टोकांनी वापरता येणाऱ्या ‘डेक’ या इंटरफेसमध्ये डेक. ज्यांनी एकाच क्लासमध्ये हे दोन्ही इंटरफेस पाळले होते, त्यांच्या जुन्या आज्ञावली नव्या कंपायलरने अडवल्या. असे क्लास विरळा असतात, म्हणून हा तोटा जाणूनबुजून स्वीकारला गेला. दिलेला शब्द राखायचा, आणि राखता येत नसेल तेव्हा किती जणांना झळ बसेल ते आधी मोजायचे, अशी ही रीत आहे.

ही रीत जावापुरती राहिली नाही. एक्स्टेन्शन मेथड असूनही सी शार्पने २०१९ मध्ये आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड आणल्या.

शिक्षकांना हा विषय संगणकाशिवायही वर्गात घेता येईल. मुलांचे चार-पाच गट करावेत आणि प्रत्येकाला तीन कामांचे एकच पत्रक द्यावे. कामे करण्याची रीत गटाने आपली आपण लिहावी. मग पत्रकात चौथे काम वाढवायला सांगावे, मात्र कोणत्याही गटाचे आधीचे लिखाण बदलायचे नाही, अशी अट घालावी. डिफॉल्टची कल्पना मुले स्वतःच शोधून काढण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यानंतर दोन पत्रके एकाच गटाला देऊन त्यांच्यात भांडण लावून द्यावे आणि निवाड्याचे नियमही मुलांनाच करू द्यावेत.

आपण जे नियम लिहितो, ते आपल्याला कधीही न भेटणारी माणसे पाळत असतात. नियमावली, अभ्यासक्रम, मोजमापाची मानके यांना हे जितके लागू आहे तितकेच आज्ञावलींनाही आहे. नियम सुधारताना आधी मोजायला हवी ती त्या माणसांची अडचण. १९९८ मध्ये कुणीतरी लिहिलेली यादी २०१४ नंतरही चालत राहिली आणि तिच्या लेखकाला काही न करता नव्या सोयी मिळाल्या. त्यातल्या अनेकांना असा काही बदल झाल्याचे कळलेही नसेल.